भूकंपानंतरचे पहिले ७२ तास : वस्तीची आरोग्य-तयारी कशी करावी?

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्री गणेश विसर्जन आटोपून लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरची गावे गाढ झोपली होती. किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे मरण पावली, सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली, ५२ गावे जमीनदोस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी घरे होती. ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. अनेकांचा जीव मातीत गुदमरून गेला.

भूकंपाच्या सरकारी नकाशात किल्लारी त्या वेळी सर्वांत कमी धोक्याच्या 'झोन १' मध्ये होती. पुढे २००२ मध्ये नकाशा सुधारला गेला, झोन १ रद्दच झाला आणि लातूरचा भाग झोन ३ मध्ये आला. मुंबई-ठाणे परिसरही झोन ३ मध्ये धरला गेला, तर कोयना परिसर त्याहून वरच्या झोन ४ मध्ये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप अनेक घरांत आजही आठवला जातो. नोव्हेंबर २०१८ पासून पालघरच्या डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड परिसर ४.५ तीव्रतेच्या धक्क्यांनी हादरला. त्यामुळे 'आपल्याकडे भूकंप होत नाही' हे वाक्य महाराष्ट्रात कोणी म्हणू नये.

भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही. पण त्यानंतर माणसे कशाने मरतात, कशाने वाचतात आणि कोणाच्या हातून वाचतात, हे वैद्यकशास्त्राला चांगले माहीत आहे. ही माहिती वस्तीवस्तीतील युवक, महिला मंडळे, विहार समित्या आणि कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचावी म्हणून हा लेख.

मृत्यूच्या तीन लाटा

पहिली लाट काही मिनिटांची. घर कोसळते आणि डोक्याला, छातीला मार लागून किंवा गुदमरून माणसे जागीच जातात. हे मृत्यू डॉक्टर रोखू शकत नाहीत, चांगले बांधलेले घर रोखू शकते.

दुसरी लाट काही तासांपासून दोन-तीन दिवसांची. यात रक्तस्राव, ढिगाऱ्याखाली अडकणे, चिरडलेले हातपाय आणि त्यातून निकामी होणारी मूत्रपिंडे येतात. इथे वेळेवर मिळालेली साधी मदतही जीव वाचवते.

तिसरी लाट दिवसांची आणि आठवड्यांची. दूषित पाणी, चिघळलेल्या जखमा, धनुर्वात, गोवर, न्यूमोनिया, आणि मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग यांच्या तुटलेल्या औषधांमुळे होणारे मृत्यू. हे जवळजवळ सगळे टाळता येतात. ते टळतात की नाही, हे भूकंपाच्या आधी वस्तीने काय केले होते यावर बरेचसे ठरते.

पहिला मदतनीस शेजारीच

१९९५ च्या जपानमधील कोबे भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढले होते. जपानसारख्या सुसज्ज देशातली ही गोष्ट आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल म्हणजे एनडीआरएफ कितीही तत्पर असले, तरी रस्ते तुटल्यावर आतल्या वस्तीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या २४ तासांनंतर झपाट्याने घटते.

रुग्णालय उभे राहीलच, असेही धरून चालता येत नाही. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा भूजचे सरकारी रुग्णालयच कोसळले. ज्या क्षणी दीड लाखांहून अधिक जखमींसाठी खाटा हव्या होत्या, त्याच क्षणी जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय गेले. पुढे ते भूकंपाचे हादरे शोषणाऱ्या रबरी आधारांवर नव्याने बांधण्यात आले.

नेपाळचा अनुभव वेगळा आहे. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात तिथे सुमारे नऊ हजार लोक गेले. पण काठमांडू खोऱ्यातील पाटण रुग्णालय आणि त्रिभुवन विद्यापीठाच्या शिक्षण रुग्णालयात मोठ्या संख्येने जखमी आले तर काय करायचे, याच्या कवायती आधीपासून झाल्या होत्या. त्यामुळे अंगणात, तंबूत, मिळेल तिथे उपचार सुरू ठेवता आले. सराव केलेली माणसे इमारतीबाहेरही काम करू शकतात.

ढिगाऱ्यातून माणूस काढताना

- आधी स्वतःची काळजी. पायात बूट, हातात जाड हातमोजे, तोंडावर ओले फडके. गॅस सिलिंडर आणि विजेचे मुख्य बटण बंद. धक्के पुन्हा येतात, म्हणून एकाने बाहेर थांबून भिंतींवर लक्ष ठेवावे.
- दर काही मिनिटांनी सर्वांनी शांत राहून आतून हाक किंवा ठोकण्याचा आवाज येतो का, ते ऐकावे.
- तोंड-नाकातील माती प्रथम काढावी.
- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर थेट आणि सलग दाब द्यावा.
- मान-पाठीला मार असण्याची शक्यता धरून चालावे. हातापायांना धरून ओढू नये. डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून फळी, दार किंवा खाटेवर न्यावे.
- बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.
- जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी. हळद, माती, शेण, राख काहीही लावू नये. मातीने भरलेली जखम घाईने शिवून बंद केली तर आत पू होतो, म्हणून डॉक्टर अशी जखम काही दिवस उघडी ठेवतात. नातेवाइकांनी टाके घालण्याचा आग्रह धरू नये.

चिरडलेला पाय आणि थांबणारे हृदय

प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावी अशी ही एक गोष्ट. माणूस कित्येक तास सिमेंटच्या तुळईखाली अडकलेला असतो. शुद्धीवर असतो, बोलतो. सगळे मिळून तुळई उचलतात, टाळ्या वाजतात आणि थोड्याच वेळात तो दगावतो. असे का होते?

दाबलेल्या स्नायूंच्या पेशी मरतात. दाब निघताच त्यांतील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचे प्रथिन एकदम रक्तात उतरते. पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडतात, तर मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडे बंद पडतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना डॉक्टर एरिक बायवॉटर्स यांनी १९४१ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले. १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपात अशा शेकडो रुग्णांना डायलिसिस अपुरे पडले आणि त्यानंतर जगभरच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी आपत्तीसाठी स्वतंत्र पथक उभारले. १९९९ च्या तुर्कस्तानच्या भूकंपात मूत्रपिंडे बिघडलेल्या ६३९ रुग्णांची नोंद झाली. त्यांतील ४७७ जणांना डायलिसिस द्यावे लागले.

उपाय साधा आहे. शक्य असेल तर वजन काढण्यापूर्वीच शिरेतून साधे सलाइन सुरू करायचे. ज्या सलाइनमध्ये पोटॅशियम असते ते द्यायचे नाही. हे काम डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिकेचे. आपण काय करायचे?

- अडकलेला माणूस सापडताच वैद्यकीय पथकाला 'किती वेळापासून अडकला आहे' हे सांगून बोलवावे.
- पथक जवळ असेल तर सलाइन लागेपर्यंत धीर धरावा. पथक येणारच नसेल, आग लागली असेल किंवा इमारत पुन्हा कोसळण्याची भीती असेल, तर माणसाला बाहेर काढणे हेच पहिले काम.
- बाहेर काढल्यावर 'मला बरे वाटतेय' असे तो म्हणाला तरी घरी सोडू नये. डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.
- अडकल्याची आणि सुटल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून त्याच्या कपड्याला लावावी.
- लघवी कमी होणे किंवा कोऱ्या चहासारखी गडद होणे, ही धोक्याची खूण आहे.

आधी कोणाला?

सर्वांत आधी रुग्णालयात पोहोचतात ते चालता येणारे, म्हणजे कमी जखमी. त्यांची गर्दी दारात होते आणि गंभीर रुग्ण मागे राहतो. म्हणून डॉक्टर जखमींना चार रंगांत वाटतात : लाल म्हणजे तातडीने उपचार, पिवळा म्हणजे थोडा वेळ थांबू शकेल, हिरवा म्हणजे चालता येणारे, काळा म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेले. स्वयंसेवकांनी हिरव्या गटाला शाळेच्या मैदानात वेगळे बसवून मलमपट्टी सुरू केली, तरी डॉक्टरांचा मोठा भार हलका होतो. प्रत्येक जखमीचे नाव, गाव आणि कोठे पाठवले याची वही ठेवावी. ताटातूट झालेल्या कुटुंबांना हीच वही जोडते.

रक्तदानाबाबतही शिस्त हवी. बातमी ऐकताच पहिल्या दिवशी सगळ्यांनी रक्त दिले तर साठवण पुरत नाही. संकलित रक्त पाच-सहा आठवडेच टिकते, आणि शस्त्रक्रिया मात्र पुढे कित्येक दिवस चालतात. १४ एप्रिलला आपण ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे घेतो. त्याच रक्तदात्यांची रक्तगटानुसार यादी करून रक्तपेढी मागेल तेव्हा टप्प्याटप्प्याने दाते पाठवावेत.

पाणी, शौचालय, लस

भूकंपामुळे आपोआप साथ येत नाही. पाइप फुटतात, शौचालये पडतात, लोक मैदानात दाटीने राहतात आणि मग साथ येते. हैतीमध्ये जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर ऑक्टोबरमध्ये कॉलरा पसरला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरील सांडपाणी नदीत मिसळल्याने तो आला होता. पुढील काही वर्षांत आठ लाखांहून अधिक लोकांना लागण झाली आणि सुमारे दहा हजार मृत्यू झाले. मदतीला आलेल्यांची शौचालयेही तपासावी लागतात, हा त्याचा धडा.

मानवीय मदतीचे जगभर मान्य असलेले 'स्फिअर' निकष आहेत. त्यांनुसार हिशेब करू. २०० कुटुंबांची, साधारण १,००० माणसांची वस्ती आहे असे समजा.

- पाणी : माणशी रोज किमान १५ लिटर. म्हणजे रोज १५,००० लिटर, दहा हजार लिटरचे दीड टँकर.
- शौचालय : सुरुवातीला ५० माणसांमागे एक, म्हणजे २०. लवकरात लवकर २० माणसांमागे एक, म्हणजे ५०. महिलांसाठी पुरुषांच्या तिप्पट. निवाऱ्यापासून ५० मीटरच्या आत, उजेडात, आतून कडी असलेली.
- शौचखड्डा पाण्याच्या स्रोतापासून किमान ३० मीटर दूर.
- निवारा : माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा.

पाण्यात टीसीएल पावडर टाकून अर्ध्या तासानंतर ओटी टेस्ट करावी. ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याला ती येते, आपणही शिकून घ्यावी. क्लोरीन नसेल तर पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळावे. जुलाब सुरू झाल्यास ओआरएस द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. बाळाचे स्तनपान थांबवू नये. दूधपावडरीचे डबे वाटणे टाळावे, कारण अस्वच्छ पाण्यात कालवलेले दूध बाळाला आजारी पाडते.

लसीकरण शांततेच्या दिवसांतच पूर्ण हवे. २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानच्या बाजूला धनुर्वाताचे शंभराहून अधिक रुग्ण आढळले. आपल्याकडे मुलांना १० आणि १६ व्या वर्षी आणि गरोदर मातांना टीडी लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. पण कारखान्यात, बांधकामावर, शेतात राबणाऱ्या प्रौढ पुरुषांनी शेवटची लस कधी घेतली, हे त्यांना आठवतही नसते. ढिगारा उपसायला पुढे जाणारे तेच असतात. छावणीत गोवराची लस आणि सोबत अ जीवनसत्त्व लहान मुलांना लगेच मिळावे, अशी मागणी आरोग्य अधिकाऱ्यांकडे पहिल्याच आठवड्यात करावी.

मृतदेहांविषयीची भीती

'प्रेतांमुळे रोगराई पसरेल' या भीतीपोटी ओळख न पटवताच सामूहिक दहन किंवा दफन केले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार स्पष्ट केले आहे की, जखमांनी मेलेल्या माणसांच्या देहांमुळे साथ येत नाही. धोका असतो तो ते हाताळणाऱ्यांना आणि जवळच्या पाण्याला. म्हणून घाई करू नये. प्रत्येक देहाला क्रमांक द्यावा, चेहरा, कपडे, खुणा यांचे फोटो घ्यावेत, वस्तू त्याच क्रमांकाच्या पिशवीत ठेवाव्यात. ओळख पटली नाही तर मृत्यूचा दाखला अडतो, आणि विधवेची, अनाथ मुलाची भरपाईही अडते.

देह उचलण्याचे काम कोणावर येते, हेही विचारले पाहिजे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतील नागपट्टिनममध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर दलित सफाई कामगारांनी केले. असे काम करणाऱ्या प्रत्येकाला गमबूट, जाड हातमोजे, एप्रन, साबण-पाणी, टीडी आणि हिपॅटायटिस बी ची लस मिळालीच पाहिजे. जात पाहून हे काम लादले जात असेल तर तिथेच हरकत घ्यावी.

रोजच्या गोळीचे काय?

हजार माणसांच्या वस्तीत कोणत्याही दिवशी दहा-पंधरा गरोदर महिला असतात. कोणी डायलिसिसवर, कोणी इन्सुलिनवर, कोणी क्षयरोग किंवा एचआयव्हीच्या औषधांवर, कोणाला अपस्मार. भूकंपाच्या बातम्यांत ही माणसे दिसत नाहीत. क्षयरोगाची किंवा एचआयव्हीची औषधे मध्येच तुटली तर आजार औषधांना दाद देईनासा होऊ शकतो.

म्हणून निदान दोन आठवड्यांची औषधे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो जवळ असावा. इन्सुलिनसाठी फ्रिज नसेल तर ओल्या मातीच्या भांड्यात, उन्हापासून दूर ठेवावे. आशाताईंच्या मदतीने गरोदर महिलांची आणि त्यांच्या प्रसूतीच्या तारखांची यादी ठेवावी. आजारांची यादी मात्र खासगी असते. ती एक-दोन विश्वासू व्यक्तींकडेच असावी, व्हॉट्सॲप गटावर कधीही टाकू नये.

बाहेरून औषधे पाठवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. १९८८ मध्ये आर्मेनियात सुमारे पाच हजार टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य येऊन पडले. त्याचा अंदाज यायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. घरातली उरलेली औषधे गोळा करून पाठवू नका. तिथल्या आरोग्य केंद्राला काय हवे ते विचारा आणि तेवढेच द्या.

मनाची जखम

किल्लारीनंतर वाचलेल्यांच्या पाहणीत मानसिक आघात आणि नैराश्य मोठ्या प्रमाणावर आढळले होते. झोप न लागणे, छताखाली जायची भीती, 'मी का वाचलो?' ही टोचणी, हे पहिल्या काही दिवसांत स्वाभाविक आहे. त्या वेळी उपदेश नको. जवळ बसावे, बोलायचे असेल तर ऐकावे, खोदून विचारू नये, गरजेच्या ठिकाणी पोहोचवावे. मुलांची शाळा, खेळ लवकर सुरू करावेत. काही आठवड्यांनीही त्रास कमी होत नसेल, दारू वाढली असेल किंवा मरणाची भाषा येत असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

यादीत नाव असेल तरच मदत

कच्छच्या भूकंपानंतर मदत छावण्या जातीनुसार वेगळ्या पडल्याचे आणि दलित-मुस्लिम वस्त्यांपर्यंत मदत उशिरा पोहोचल्याचे त्या वेळच्या वार्तांकनात नोंदले गेले. आरोग्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे : ज्या छावणीत टँकर शेवटी येतो, तिथे जुलाब आधी येतात.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चे कलम ६१ सांगते की भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. कलम १२ नुसार निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय सेवा आणि स्वच्छता यांचे किमान निकष ठरवले जातात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते आणि त्याने जिल्हा आराखडा करायचा असतो. त्या आराखड्यात आपल्या वस्तीचे नाव आहे का? जवळचे मोकळे मैदान, आरोग्य केंद्र, टँकरचा मार्ग लिहिला आहे का? हे माहिती अधिकारात आजच विचारता येते. भाड्याने राहणारे, झोपडीधारक, स्थलांतरित मजूर यांची नावे यादीतून गळतात. म्हणून वस्तीची स्वतःची घरनिहाय यादी तयार असावी.

विहारापासून सुरुवात

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपले तरुण पाणी वाटतात, आरोग्य शिबिरे चालवतात, हरवलेल्यांना घरच्यांशी जोडतात. गर्दी सांभाळण्याचा हा अनुभव वस्तीच्या तयारीत कामी येईल. एका महिन्याच्या चार रविवारी एवढे होऊ शकते :

- पहिला रविवार : घरनिहाय यादी आणि वस्तीचा हाताने काढलेला नकाशा. अंथरुणाला खिळलेले, दिव्यांग, गरोदर महिला आणि लहान बाळांची घरे वेगळ्या खुणेने. मोकळे मैदान, विहीर, बोअर यांच्या खुणा.
- दुसरा रविवार : प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक, आणि त्यांच्या सल्ल्याने प्रौढांसाठी टीडी लस.
- तिसरा रविवार : विहाराची इमारत अभियंत्याकडून तपासून घेणे. भिंतीला तडे असतील तर तिला निवारा म्हणून धरू नये, मैदान धरावे. कपाटे, पाण्याच्या टाक्या, मोठ्या तसबिरी भिंतीला घट्ट बांधणे.
- चौथा रविवार : विहाराची पेटी भरणे. त्यात पहार, फावडे, दोर, फळ्या, बॅटरी, शिट्टी, हातमोजे, बँडेज, गॉज, साबण, ओआरएस, क्लोरीनच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, ताडपत्री, वही आणि पेन. दर सहा महिन्यांनी मुदत तपासावी.

पेटीवर मोठ्या अक्षरांत क्रमांक लिहा : रुग्णवाहिका १०८, आपत्कालीन मदत ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. पेटीची किल्ली कोणाकडे आहे, हे किमान पाच जणांना माहीत असू द्या. त्यात दोन महिला असाव्यात, कारण दिवसा वस्तीत त्याच असतात. किल्लारीत भूकंप पहाटे आला, भूजमध्ये सकाळी, नेपाळमध्ये भर दुपारी. तो येईल तेव्हा वस्तीत जे असतील, त्यांच्याच हातात ही यादी आणि ही पेटी असायला हवी.